फक्त अंगावरचे दूध : आई नेमकी अडते कुठे?

ऑगस्टचा पहिला आठवडा १९९२ पासून जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. कोरपना तालुक्यातही या दिवसांत उपकेंद्राच्या आणि अंगणवाडीच्या भिंतींवर फलक लागतात. गरोदर आणि स्तनदा मातांची बैठक होते आणि ‘पहिले सहा महिने फक्त आईचे दूध’ हे वाक्य पुन्हा एकदा सांगितले जाते. नेमक्या याच आठवड्यात तालुक्याच्या काळ्या रानात कपाशी आणि सोयाबीनचे निंदण भरात असते. ज्या बाईने बैठकीला यावे अशी अपेक्षा असते, ती निंदणाला गेलेली असते. तिचे तीन महिन्यांचे बाळ घरी सासूजवळ असते. ते रडू लागले की सासू वाटी-चमचा घेते. वाटीत कधी पाणी घातलेले गाईचे किंवा बकरीचे दूध असते, कधी नुसते साखरपाणी.

फलकावरचे वाक्य खोटे नाही. ते त्या बाईला ठाऊक नाही असेही नाही. विचारले तर ती ते तोंडपाठ म्हणून दाखवते. अडचण माहितीची फारशी उरलेली नाही. अडचण अशी आहे की सहा महिन्यांच्या वाटेवर दोन-तीन ठरावीक ठिकाणी आई अडते, आणि त्या दिवशी तिच्याजवळ हात देणारे कोणी नसते. ही ठिकाणे कोणती, आणि तिथे काय केल्याने उपयोग होतो, यावर बरेच संशोधन झालेले आहे. त्यातले एक महत्त्वाचे काम तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातले आहे.

आकडे काय सांगतात?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. तिच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातल्या सहा महिन्यांखालील बाळांपैकी सुमारे ५५ टक्के बाळे फक्त अंगावरच्या दुधावर होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण जवळपास ६४ टक्के झाले. महाराष्ट्र त्याच्या पुढे, सुमारे ७१ टक्क्यांवर आहे. ही प्रगती खरी आहे आणि तिचे मोठे श्रेय गावोगावच्या आशा, अंगणवाडी सेविका आणि परिचारिकांना द्यावे लागेल.

पण हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाहणीत विचारलेले असते ते कालच्या २४ तासांबद्दल : बाळाने काल अंगावरच्या दुधाशिवाय काही घेतले का? उत्तर देणाऱ्यांत पंधरा दिवसांच्या बाळाची आई असते, तशी साडेपाच महिन्यांच्या बाळाचीही असते. पंधरा दिवसांच्या बाळाला वरचे काही सुरू झालेले नसणे सोपे आहे. म्हणून ७१ टक्के बाळे पूर्ण सहा महिने निव्वळ अंगावर वाढतात, असा या आकड्याचा अर्थ होत नाही. सहा महिन्यांचा टप्पा गाठणारी बाळे त्याहून कमीच असणार.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. याच दोन पाहण्यांच्या दरम्यान देशातील दवाखान्यातली बाळंतपणे ७९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांच्या आसपास गेली. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ टक्के झाले, म्हणजे जागचे हलले नाही. बाळंतपण घरातून दवाखान्यात आले, डॉक्टर-परिचारिकांच्या देखत होऊ लागले, तरी पहिल्या तासाचे दूध बाळाला मिळाले नाही. याचा दोष आईच्या अडाणीपणावर किंवा सासूच्या रूढीवर ढकलता येत नाही. हे दवाखान्याचे काम आहे आणि ते तिथेच राहून जाते.

‘फक्त’ म्हणजे काय?

‘फक्त’ या शब्दात पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, गाई-म्हशीचे किंवा डब्याचे दूध नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध, जीवनसत्त्वाचे थेंब आणि जुलाबात सांगितलेले जलसंजीवनीचे पाणी एवढेच चालते. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी ‘चार ते सहा महिने’ असे म्हणत असे. २००१ पासून तिने ‘पूर्ण सहा महिने’ असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

हा आग्रह कशासाठी, याचे उत्तर कोरपन्यात पावसाळ्यात सहज मिळते. पाणी गढूळ होते, माश्या वाढतात, हगवण सुरू होते. वाटी, चमचा आणि बाटलीचे बूच ही जंतू पोटात जाण्याची दारे आहेत. बाळ निव्वळ अंगावर असेल तर ही दारे बंद राहतात, आणि दुधातली प्रतिकारद्रव्ये त्याच्या आतड्याचे रक्षण करतात. स्तनपानाचे प्रमाण जगभर पुरेसे वाढले तर दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील, असा अंदाज २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’च्या लेखमालेत मांडला गेला. त्यातच आईच्या बाजूचाही हिशेब होता : स्तनांच्या कर्करोगाने होणारे वर्षाला सुमारे २० हजार मृत्यू टळतील.

चंद्रपूर जिल्ह्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. इथल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. आई असे पाणी पीत असली तरी तिच्या दुधात फ्लोराइड फारच थोडे उतरते. तेच पाणी घालून गाईचे दूध पातळ केले, किंवा त्यात पावडर कालवली, तर ते थेट तान्ह्या बाळाच्या पोटात जाते.

पहिली अडचण : पहिला तास

जन्मलेले बाळ कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवले तर पहिल्या तासात ते जागे आणि तरतरीत असते, स्वतःहून छाती शोधते. तो तास गेला की ते झोपी जाते आणि पुढचे काही तास त्याला पाजणे अवघड होते. घानामध्ये झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सर्व बाळांना पहिल्या तासात अंगावर घेतले, तर तिथले २२ टक्के नवजात मृत्यू टाळता येतील.

मग हा तास जातो कुठे? बाळाचे वजन, अंग पुसणे, कागदपत्रे, नातेवाइकांना दाखवणे, आईचे टाके. परिचारिका एकटी असते आणि पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असते. सिझेरियन झाले असेल तर बाळ बाहेर आजीजवळ आणि आई आत, असे दोन-चार तास सहज जातात. तेवढ्यात कोणीतरी मधाचे बोट चाटवते किंवा दुकानातून डबा आणते. मधामुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. कोरपना, गडचांदूरकडून गुंतागुंतीची बाळंतीण राजुऱ्यावरून चंद्रपूरला पाठवावी लागते. अशा वेळी आई एका खाटेवर आणि बाळ दुसऱ्या कक्षात अशी ताटातूट होते.

यावर महागडे यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बाळस्नेही रुग्णालयांची मोहीम सुरू केली आणि २०१८ मध्ये तिची दहा पावले नव्याने मांडली. त्यांचे सार साधे आहे : जन्मताच बाळ आईच्या अंगावर द्या, दोघांना वेगळे करू नका, वैद्यकीय कारणाशिवाय दुसरे काही पाजू नका, आणि बाळ छातीला कसे लावायचे हे आईला हाताला धरून शिकवा. सिझेरियनमध्ये पाठीच्या मणक्यात भूल दिलेली असते. आई शुद्धीवर असते. बाळ तिच्या छातीवर ठेवायला एक मदतनीस पुरते. वजन तासाभराने केले तरी वजन तेच भरते.

याच कामासाठी उभी राहिलेली ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही देशव्यापी संघटना १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. केंद्र सरकारचा ‘मा’ हा स्तनपान कार्यक्रम २०१६ मध्ये आला. धोरणे आहेत, प्रशिक्षण आहे. कमी पडतो तो प्रसूतीकक्षात रात्री दोन वाजता मोकळा असलेला दुसरा हात.

दुसरी अडचण : ‘दूध पुरत नाही’

दवाखान्यातून बाळंतीण घरी येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिले संकट उभे राहते. छाती दगडासारखी होते, बोंडांना चिरा पडतात, बाळ रात्रभर रडते. घरातले कोणीतरी म्हणते, ‘हिला दूधच नाही.’ वरचे दूध सुरू होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि बहुतेक वेळा ते कारण खरे नसते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक थोडाच असतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी एखाद-दोन चमचेच मावतात. पुढे दूध किती तयार होईल हे बाळ किती ओढते यावर ठरते. छाती रिकामी झाली की शरीराला नवे दूध करण्याचा निरोप जातो. वरचे दूध दिले की बाळाची भूक मरते, ते छाती कमी ओढते, दूध कमी तयार होते, आणि घरातल्यांचा अंदाज खरा ठरतो. दूध पुरत नव्हते म्हणून डबा आला, असे घर म्हणते. पुष्कळदा क्रम उलटा असतो : डबा आला म्हणून दूध आटले.

बारीक, अशक्त आईला दूध कमी येते, ही समजूतही फार पक्की आहे. अतिशय टोकाचे कुपोषण सोडले तर बारीक बाईलाही बाळापुरते दूध येते. मात्र त्याची किंमत तिचे शरीर मोजते. म्हणून तिला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्तीचे मिळायला हवेत. काही घरांत बाळंतिणीचे पाणी आणि भाजी तोडण्याची रीत आहे. पहिल्यांदा थांबवायचे ते हे.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, दोन आठवड्यांत जन्माचे वजन पुन्हा गाठत असेल आणि पुढे दर महिन्याला निदान अर्धा किलो वाढत असेल, तर दूध पुरते आहे. वजन तसे वाढत नसेल तर पहिला संशय बाळ छातीला कसे लागते यावर घ्यावा. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, गाल भरलेले आणि बोंडाभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात गेलेला, अशी ती ठेवण हवी. नुसते बोंड तोंडात असेल तर आईला दुखते, चिरा पडतात आणि बाळ तासभर ओढूनही उपाशी राहते. हे भाषण ऐकून कळत नाही. कोणीतरी शेजारी बसून बाळाचे डोके दोन बोटे इकडे-तिकडे करून द्यावे लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने या विषयावरच्या मराठी चित्रफिती तयार केल्या आहेत. आशाताईच्या मोबाईलवर त्या असल्या तर काम सोपे होते.

असे शेजारी बसण्याने किती फरक पडतो, याचा पुरावा भक्कम आहे. ढाक्यात साध्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी गरोदरपणापासून पाच महिन्यांपर्यंत घरी पंधरा भेटी दिल्या. पाचव्या महिन्यात त्या घरांतील ७० टक्के बाळे निव्वळ अंगावर होती. भेटी न झालेल्या घरांत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. हा अभ्यास २०००चा. २००३ मध्ये हरियाणातल्या खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे वेगळी माणसे नेमली नाहीत. अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि सुइणी यांनीच प्रत्येक भेटीत एकच सल्ला सारखा दिला. तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तनपान ७९ टक्के, आणि ज्या गावांत हे झाले नाही तिथे ४८ टक्के. जुलाबही कमी झाले.

घरोघरी भेटींची ही वाट भारतात रुळली ती गडचिरोलीमुळे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. संसर्गावरील उपचार, ऊब आणि स्तनपानाचा सल्ला असे सगळे त्यात होते. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्राने हीच पद्धत आशांच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर नेली.

बेचाळिसाव्या दिवसानंतर

या गृहभेटींचे वेळापत्रक पाहिले की एक भगदाड दिसते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. या सहा भेटींचे तिला २५० रुपये मिळतात. त्यानंतर २०१८ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या कार्यक्रमातली भेट थेट तिसऱ्या महिन्यात, आणि त्यापुढची सहाव्या महिन्यात. म्हणजे दीड महिना ते सहा महिने या काळात ठरलेली भेट मधली एकच.

बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते, विशेषतः संध्याकाळी. सवा महिना संपलेला असतो, पुष्कळ मुली माहेरून सासरी परतलेल्या असतात, आणि घरकाम पुन्हा सुरू झालेले असते. मदत संपते तिथेच अडचण सुरू होते. ढाक्यातल्या पंधरा भेटी पाचव्या महिन्यापर्यंत पसरलेल्या होत्या, हा फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे.

हे भगदाड नवीन योजनेशिवाय बुजवता येते. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लस मिळते. आई त्या दिवशी बाळ घेऊन स्वतः येते. लसीच्या आधी वजन करावे, ‘काल बाळाला काय काय दिले?’ एवढे एक विचारावे, आणि एकदा समोर पाजायला सांगून पाहावे. बाईमागे पाच-सात मिनिटे लागतील. या परिसरात गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे आहेत, तेलंगणाच्या सीमेकडे तेलुगूही चालते. गुड्यावरच्या बाईला तिच्या भाषेत विचारणारी, तिच्यासारखीच दोन लेकरे अंगावर वाढवलेली शेजारीण मराठी फलकापेक्षा जास्त कामाची. गडचांदूर, नांदा, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांभोवती परप्रांतातून आलेल्या कंत्राटी कामगारांची घरे आहेत. तिथल्या तरुण आईला ना माहेर जवळ, ना सासू. तिच्याकडे तर आधी जायला हवे.

उन्हाळ्याचा घोटभर

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मोठ्या माणसाच्या घशाला कोरड पडते तिथे बाळाला घोटभर पाणी न देणे क्रूरपणाचे वाटणे स्वाभाविक आहे. पण आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असते. १९९०च्या सुमारास भारतातच, ऐन उन्हाळ्यात, निव्वळ अंगावरच्या बाळांच्या लघवीची तपासणी झाली. त्यांच्या शरीरात पाण्याची कमतरता आढळली नाही. पाणी पाजले की पोट भरल्यासारखे होते आणि तेवढे दूध कमी जाते, वर जंतूंचा धोका.

इथल्या उन्हाळ्यात करायचे ते असे : बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यावे, सावलीत आणि सैल सुती कपड्यात ठेवावे, पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवू नये, आणि पाणी आईने भरपूर प्यावे. बाळाने सहा-आठ तासांत लघवी केली नाही, ते मलूल झाले किंवा ओढेनासे झाले, तर घरी पाणी पाजत न बसता दवाखाना गाठावा.

तिसरी अडचण : मजुरी

इथपर्यंतच्या अडचणी समजावण्याने आणि हात देण्याने सुटतात. तिसरी तशी सुटत नाही.

कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि पुढे तीन-चार महिने चालते. वेचणी बहुतेक बायका करतात आणि तिची मजुरी किलोवर मिळते. बांधावर बसून बाळाला अर्धा तास पाजले की तेवढे किलो कमी भरतात. रान घरापासून दूर असते, टेम्पो सकाळी नेतो आणि संध्याकाळी आणतो. जानेवारीनंतर चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. काही तान्ही बाळे सोबत जातात, तिखटाच्या धुळीत झोळीत झोपतात. काही मागे आजीजवळ राहतात, आणि मागे राहिलेल्या बाळाचे अंगावरचे दूध त्या दिवशीच तुटते.

नोकरदार बाईसाठी कायदा आहे. मातृत्व लाभाच्या १९६१च्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची पगारी रजा आली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. हा आकडा योगायोगाचा नाही. बाळाचे सहा महिने आईच्या हाती राहावेत हे कायद्याने मान्य केले आहे. पण मान्य केले ते हजेरीपटावर नाव असलेल्या बाईसाठी.

शेतमजूर बाईच्या वाट्याला काय येते? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षातली मातृवंदना योजना पहिल्या बाळासाठी ५ हजार देते. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६ हजार, मुलगा झाला तर काही नाही. पाच हजार रुपये १८० दिवसांवर वाटले तर दिवसाला जेमतेम २८ रुपये पडतात. रोजच्या मजुरीच्या जवळपासही ही रक्कम जात नाही, आणि हप्ता हातात कधी पडतो हा प्रश्न वेगळाच. अशा बाईला ‘सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या’ असे सांगणे म्हणजे ‘सहा महिने मजुरी सोडा’ असे सांगणे आहे, आणि भरपाईचे नावही न काढता.

अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी महाराष्ट्राने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदरपणाची शेवटची तिमाही आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने अंगणवाडीत दिवसातून एकदा चौरस जेवण. कल्पना उत्तम आहे आणि नेमक्या सहा महिन्यांची आहे. पण जेवण दुपारी, अंगणवाडीत. ते खायचे तर त्या दिवशीची मजुरी बुडते. ज्या बाईला त्या ताटाची सर्वांत जास्त गरज, तीच ताटापासून लांब रानात असते.

म्हणून गावपातळीवर दोन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. एक म्हणजे पाळणाघर. केंद्राच्या २०२२च्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. वेचणी आणि निंदणाच्या महिन्यांत ते सुरू झाले, तर रानात बाईने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी येऊन पाजणे जवळच्या शिवारापुरते तरी शक्य होईल. दुसरी म्हणजे काढून ठेवलेले दूध. आईने कामाला जाण्याआधी स्वच्छ हातांनी, उकळलेल्या भांड्यात दूध पिळून ठेवावे. थंडीच्या दिवसांत, सावलीत झाकून ठेवलेले दूध साधारण चार तास चांगले राहते. उन्हाळ्यात इतका वेळही धरू नये. ते आजीने वाटी-चमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने पाजावे, बाटलीने नाही. परतल्यावर आणि विशेषतः रात्री बाळाला मनसोक्त अंगावर घ्यावे. दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त स्रवते, त्यामुळे दिवसाची तूट रात्री बरीच भरून निघते. यात सासूचा सहभाग नसेल तर काहीच घडत नाही. बैठकीला सुनेसोबत सासूला बोलवायचे ते यासाठी.

डबा, खर्रा आणि अपवाद

डब्याच्या दुधाची जाहिरात, मोफत नमुने, आईला भेटवस्तू आणि विक्रीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना आमिष या सगळ्यावर १९९२च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही गरज नसताना चिठ्ठीवर डबा लिहिला जाणे पूर्ण थांबलेले नाही. डबा घेतलेल्या गरीब घरात तो चार दिवसांऐवजी दहा दिवस पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातले जाते. बाळ पोट भरूनही वाळत जाते.

या भागात खर्रा आणि तंबाखू घासण्याची सवय बायकांतही आहे. निकोटीन दुधात उतरते, म्हणून ती सवय सुटायला हवी. सुटली नाही म्हणून पाजणे मात्र थांबवू नये.

काही बाळे खरोखरच लगेच अंगावर पिऊ शकत नाहीत. दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाला आईचे पिळलेले दूध बोंडल्याने द्यावे लागते. आई गंभीर आजारी असेल तर दुसऱ्या आईचे, तपासून निर्जंतुक केलेले दूध कामी येते. अशी आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. क्वचित एखाद्या आईला सगळे प्रयत्न करूनही दूध पुरत नाही. तिला दोष देणे हा उपचार नाही. तिच्या बाळासाठी वरचे दूध कोणते, किती आणि कसे द्यायचे, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले पाहिजे.

उष्टावणापर्यंत

आपल्याकडे बाळाच्या तोंडी पहिला घास घालण्याचा समारंभ आहे, उष्टावण. तो सहाव्या महिन्याच्या आसपास होतो. बाळाला इतके दिवस दुसरे काही नको, हे घराला निदान रीतीने तरी माहीत आहे. तिथवर पोहोचणे हे एकट्या आईच्या निर्धारावर सोडलेले आहे, हीच खरी चूक आहे.

तालुक्याच्या आढाव्यात बैठका किती झाल्या आणि फलक किती लागले हे मोजले जाते. त्याऐवजी तीन गोष्टी मोजाव्यात. किती बाळे पहिल्या तासात अंगावर घेतली गेली, सिझेरियनची वेगळी धरून. चौदाव्या आठवड्याच्या लसीला आलेली किती बाळे अजून निव्वळ अंगावर आहेत. आणि मातृवंदनेचे पैसे बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी किती आयांच्या हातात पडले. पहिल्या आकड्याचा जाब दवाखान्याला, दुसऱ्याचा गृहभेटींच्या यंत्रणेला आणि तिसऱ्याचा सरकारला विचारता येईल. आईला विचारायचा प्रश्न एवढाच उरतो : बाई, आज कुठे अडले आहे?